कलिंगनंतरचे अशोक

सम्राट अशोकांची गोष्ट आपल्याकडे बहुधा कलिंगपाशीच थांबते. युद्ध झाले, मन पालटले, पुढे धम्म. आम्हाला मात्र त्यानंतरची जवळपास तीस वर्षे अधिक मोलाची वाटतात. एवढ्या अफाट साम्राज्यातल्या माणसांचे वागणे बदलायचे कसे, हा प्रश्न तिथे सुरू होतो. हाताशी सैन्य होते, हुकूम सोडणे सोपे होते.

अशोकांनी सुरुवात स्वतःपासून केली. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली, हा आकडा आणि त्याचे दुःख त्यांनी तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून घेतले. पहिल्या शिलालेखात तर राजवाड्याच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे: जिथे रोज असंख्य प्राणी मारले जात, तिथे आता दोन मोर आणि एक हरिण, आणि पुढे तेही नाही. प्रजेच्या ताटात डोकावण्याआधी स्वतःचे ताट उघडे केले. आठव्या शिलालेखात शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. त्याच लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला.

कलिंगच्या भूमीवर, धौली आणि जौगडला, तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे अधिकाऱ्यांना सूचना आहेत: मत्सर, राग, घाई, आळस टाळा, लोकांना विनाकारण तुरुंगात डांबू नका. ज्यांची माणसे मेली त्यांना मेलेल्यांचा आकडा ऐकवायचा नाही, एवढे भान त्यामागे असावे, असे आम्हाला वाटते. हे लेख ठराविक दिवशी लोकांना वाचून दाखवायचे होते, ऐकायला एकच माणूस असला तरी.

सगळेच मवाळ होते असे मात्र नाही. अरण्यवासी जमातींना समजावताना आपल्या सामर्थ्याची आठवणही दिली आहे. देहदंड रद्द झाला नाही, फक्त तीन दिवसांची मुदत मिळाली. काही प्राण्यांच्या हत्येवर बंदीही घातली.

राज्याभिषेकाला सत्तावीस वर्षे झाल्यावर अशोकांनी या दोन्ही वाटांचा हिशेब मांडला. नियमांनी थोडेच साधले, लोकांना पटवून दिल्याने कितीतरी अधिक, असा त्यांचा निष्कर्ष. प्राणिहत्या कमी झाली तीही मुख्यतः पटल्यामुळे, असे ते सांगतात. हा लेख फक्त एकाच स्तंभावर आहे. मूळचा टोपऱ्याचा तो स्तंभ फिरोजशहा तुघलकाने दिल्लीला आणला, आणि आजही तो तिथल्या कोटल्यावर उभा आहे.