पुण्यश्लोक देवी अहिल्याबाई होळकर

हातावर शिवलिंग धारण केलेली देवी अहिल्याबाईंची मूर्ती माळव्यातील आम्हा भाविकांच्या नित्य परिचयाची आहे. त्या मूर्तीमागील धैर्य मात्र फारसे आठवले जात नाही.

३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जावयास निघालेल्या सुनेस मल्हाररावांनी थांबविले व कारभारात घातले. १७६६ मध्ये मल्हारराव निवर्तले आणि वर्षभरातच पुत्र मालेरावही गेले. दौलत निराधार झाली असे समजून गंगाधरपंत चंद्रचूडांनी दत्तकाचा घाट घातला, आणि राघोबादादा फौजेनिशी क्षिप्रातीरी आले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी तुकोजी होळकरांस सैन्यासह पुढे धाडले आणि दादांस कळविले की, स्त्रीकडून पराभव झाल्यास अपकीर्ती त्यांचीच होईल. दादांनी आपण केवळ दुखवट्यास आल्याचे सांगून वेळ निभावून नेली! थोरल्या माधवरावांनीही बाईंचाच अधिकार मान्य केला.

पुढे महेश्वरी राहून त्यांनी काशी विश्वेश्वर, सोमनाथ, गया अशा अनेक क्षेत्री देवालये उभारली. हा खर्च दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर स्वतःच्या खासगी उत्पन्नातून होई. देवस्थानाचा हिशेब सांभाळणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष मोलाची वाटते.

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. बाईंची विनवणी व्यर्थ ठरली. तरीही कारभार त्यांनी सोडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे देहावसान झाले.