स्पर्शाविना बारा वर्षे

लहान मूल वरचेवर आजारी पडू लागले की आपल्याकडे प्रथम त्याची दृष्ट काढली जाते. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात, गळ्यात ताईत बांधला जातो. बहुतेक मुले औषधोपचाराने बरी होतात आणि पुढे धडधाकट वाढतात. परंतु काही मोजक्या मुलांच्या दुखण्याचे मूळ जन्मापासूनच त्यांच्या शरीरात असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी त्यांच्या रक्तात पुरेशा तयारच होत नाहीत. वेशीवर जागल्या नसलेल्या गावासारखी त्यांच्या शरीराची अवस्था असते. या आजाराकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले ते डेव्हिड व्हेटर या अमेरिकन मुलामुळे.

डेव्हिडचा जन्म २१ सप्टेंबर १९७१ रोजी ह्यूस्टन शहरातील टेक्सास चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये झाला. त्याच्या आईवडिलांनी त्यापूर्वी एक मुलगा गमावला होता. तो अवघ्या सात महिन्यांचा होऊन दगावला, तेव्हा त्याला तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता-न्यूनता हा आनुवंशिक आजार असल्याचे निष्पन्न झाले होते. या आजाराचा दोष एक्स या गुणसूत्रावर असतो. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे मिळतात. त्यामुळे एक सदोष असले तरी दुसरे तिला तारून नेते. मुलाला मात्र आईकडून एकच एक्स मिळते. ते सदोष निघाले तर त्याला दुसरा आधार नसतो. म्हणून यापुढे होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आहे, असे डॉक्टरांनी त्या दांपत्याला सांगितले होते. यात आईचा कोणताही अपराध नव्हता. आपल्या रक्तातील हा दोष तिला ठाऊकही नव्हता.

डेव्हिडला वाचवण्यासाठी एक योजना आखण्यात आली होती. जन्मतःच त्याला निर्जंतुक कक्षात ठेवायचे आणि मोठ्या बहिणीची अस्थिमज्जा जुळली की तिचे प्रत्यारोपण करायचे. हाडांच्या पोकळीतील या मऊ भागात रक्तपेशी तयार होतात. १९६८ मध्ये अमेरिकेतच अशा एका बालकावर भावंडाच्या मज्जेने यशस्वी उपचार झाले होते. त्यामुळे ही आशा निराधार नव्हती. ठरल्याप्रमाणे जन्मानंतर काही सेकंदांतच डेव्हिडला प्लास्टिकच्या पारदर्शक कक्षात ठेवण्यात आले. त्यालाही तोच आजार असल्याचे तपासणीत दिसून आले. परंतु बहिणीची मज्जा त्याच्याशी जुळली नाही. काही आठवड्यांची म्हणून सुरू झालेली ती प्रतीक्षा बारा वर्षे लांबली.

त्या कक्षातील जीवन कसे होते, याची कल्पना करणे कठीण आहे. आत जाणारी प्रत्येक वस्तू, मग ते अन्न असो, पाणी असो, कपडे असोत वा खेळणी, आधी निर्जंतुक करावी लागे. अनेक वस्तू तासन्‌तास रासायनिक वायूत ठेवत आणि नंतर तो वायू निघून जाण्यासाठी काही दिवस थांबत. कक्ष फुगलेला ठेवण्यासाठी हवेचे पंप सतत घरघरत असत. कक्षाच्या भिंतीत जाड हातमोजे बसवलेले होते. आई त्याला जवळ घेई, भरवी, थोपटी, ते सारे त्या हातमोज्यांतून. तिच्या हाताचा उबदार स्पर्श त्याला माहीत नव्हता.

पुढे त्याच्या घरीही असाच एक कक्ष उभारण्यात आला आणि तो कुटुंबात राहू लागला. बहीण कक्षाबाहेर बसून त्याच्याशी खेळे, भांडे. तो अभ्यासात हुशार होता. चार वर्षांचा असताना, आत चुकून राहिलेल्या एका सुईने कक्षाला भोके पाडता येतात, हे त्याच्या ध्यानात आले. तेव्हा जंतू म्हणजे काय आणि आपण इतरांपासून वेगळे का राहतो, हे त्याला समजावून सांगावे लागले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेने त्याच्यासाठी एक खास पोशाख बनवला. एका लांब नळीने तो पोशाख कक्षाला जोडलेला असे. तो घालून डेव्हिड प्रथमच मोकळ्या जमिनीवर चालला. पण हा पोशाख त्याने मोजक्याच वेळा वापरला.

मूल मोठे होऊ लागले तसा त्याचा एकटेपणाही वाढत गेला. त्याला राग येई, उदासी घेरून टाकी. एखाद्या मुलाला असे बंदिस्त ठेवून जगवणे कितपत योग्य आहे, असा प्रश्न लोक विचारू लागले. उपचाराची खात्री नसताना हा मार्ग स्वीकारायला हवा होता का, याविषयी वैद्यक क्षेत्रातही मतभेद झाले. आईवडिलांपुढे मात्र एकच गोष्ट स्पष्ट होती. कक्षाबाहेर काढले तर मूल जगणार नव्हते.

दरम्यान, पूर्णपणे न जुळणारी मज्जाही विशिष्ट प्रक्रिया करून वापरण्याची पद्धत विकसित झाली. त्यानुसार २१ ऑक्टोबर १९८३ रोजी बहिणीची मज्जा डेव्हिडला देण्यात आली. सुरुवातीला सारे ठीक वाटले. परंतु काही आठवड्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच गंभीर आजारी पडला. ताप, उलट्या आणि जुलाब थांबेनात. उपचार करणे सोपे जावे म्हणून फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याला कक्षाबाहेर काढण्यात आले आणि आईने त्याला प्रथमच उघड्या हाताने स्पर्श केला. २२ फेब्रुवारी १९८४ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. बहिणीच्या मज्जेत एप्स्टाइन-बार नावाचा विषाणू सुप्तावस्थेत होता. निरोगी माणसाला तो सहसा फारसा त्रास देत नाही, परंतु डेव्हिडच्या शरीरात त्यामुळे कर्करोगाच्या गाठी झाल्या होत्या.

डेव्हिड वाचला नाही. पण त्याच्या आजारातून मिळालेले ज्ञान वाया गेले नाही. विषाणूमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, याला त्याच्या तपासणीतून महत्त्वाची पुष्टी मिळाली. त्याच्या आजारास कारणीभूत असलेले जनुक १९९३ मध्ये सापडले. आज नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखता येतो. अमेरिकेत ही तपासणी २०१८ अखेर सर्व राज्यांत सुरू झाली. पहिल्या साडेतीन महिन्यांत, जंतुसंसर्ग होण्यापूर्वी मज्जा-प्रत्यारोपण झालेल्या बालकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बालके तेथे वाचतात. म्हणजे आता प्लास्टिकच्या भिंतीपेक्षा वेळेवर झालेले निदान अधिक मोलाचे ठरले आहे.

आपल्या देशात अशी तपासणी सरसकट होत नाही. त्यामुळे पालकांची जागरूकता महत्त्वाची ठरते. वारंवार होणारा न्यूमोनिया, कानातून सतत वाहणारा पू, न थांबणारे जुलाब, तोंडातील न हटणारी बुरशी आणि न वाढणारे वजन ही धोक्याची चिन्हे आहेत. घरात पूर्वी एखादे तान्हे बाळ अशाच आजाराने गेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जन्मताच दिली जाणारी बीसीजीची लस इतर बाळांचे रक्षण करते, परंतु या आजाराच्या बाळाला तीच बाधते. म्हणून अशा घरातील बाळाला ती देण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. डेव्हिडच्या आजाराचा अशा नात्याशी संबंध नव्हता. मात्र प्रतिकारक्षमतेचे इतर काही आनुवंशिक आजार नात्यातील विवाहांमुळे अधिक संभवतात.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या आजारांचे निदान करते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही डेव्हिडच्या आजाराचा समावेश झाला आहे. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये स्थायिक झालेले मराठी कुटुंब असो किंवा दूरच्या पाड्यावरचे, पुन्हापुन्हा आजारी पडणाऱ्या बाळाला दृष्टीच्या मोहऱ्यांवर विसंबून घरी ठेवू नये. डेव्हिडच्या आईला आपल्या मुलाला उघड्या हाताने स्पर्श करण्यासाठी बारा वर्षे वाट पाहावी लागली. वेळीच रोग ओळखला गेला, तर तशी वेळ आज दुसऱ्या आईवर येऊ नये, एवढे ज्ञान आता आपल्यापाशी आहे.