आकाशातून जमीन वाचणारे क्रॉफर्ड

मुंबई पाहून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना क्रॉफर्ड हे नाव मंडईमुळे ठाऊक असेल. ती मंडई आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची. आम्ही या अंकात ओळख करून देत आहोत ते क्रॉफर्ड निराळे, पण जन्म त्यांचाही मुंबईचाच.

ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड २८ ऑक्टोबर १८८६ रोजी ब्रीच कँडी येथे जन्मले. वडील ठाण्याला न्यायाधीश होते. बाळ काही दिवसांचे असतानाच आई वारली. तीन महिन्यांच्या त्या पोराला बोटीने विलायतेस पाठवावे लागले. वाटेत सांभाळ केला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये जोगीण असलेल्या आत्याने. पुढे १८९४ मध्ये वडीलही गेले आणि मुलगा दुसऱ्या दोन आत्यांकडे वाढला.

मार्लबरोच्या वसतिशाळेत त्यांचे मन कधीच रमले नाही. आवडायच्या त्या फक्त शाळेच्या निसर्ग मंडळाच्या सहली. त्या सहलींतच त्यांनी स्टोनहेंज आणि एव्हबरी येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहिली. (सहलीच्या पत्रकावर सही करताना कुरकुरणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, ही विनंती!)

ऑक्सफर्डला त्यांनी भूगोल घेतला. पहिल्या महायुद्धात ते हवाई दलात निरीक्षक होते, म्हणजे विमानातून शत्रूच्या जागा टिपण्याचे काम. १९१८ च्या फेब्रुवारीत विमान पाडले गेले व ते जर्मनांच्या कैदेत पडले. तिथून पळण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा तुरुंगातच त्यांनी पुरातत्त्वावरचे पुस्तक लिहायला घेतले.

१९२० मध्ये ब्रिटनच्या नकाशा खात्यात, ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये, ते पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. दोनएक वर्षांनी हवाई दलाचे काही फोटो त्यांच्या हाती आले. साध्या शेतांच्या त्या चित्रांत हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध स्पष्ट दिसत होते! हे कसे? बुजलेल्या खंदकात ओल जास्त टिकते, म्हणून त्यावरचे पीक उंच व हिरवे राहते. पुरलेल्या भिंतीवर माती थोडी, तिथे पीक लवकर पिवळे पडते. शिवाय सूर्य कलला की वीतभर उंचवट्याचीही लांब सावली पडते. संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडे गच्चीवरून पाहा, दुपारी न दिसणारे खड्डे दिसतील.

स्टोनहेंजकडे जाणारा प्राचीन रस्ता पुढे नांगरटीत हरवला होता. हवाई दलाने १९२१ मध्ये काढलेल्या फोटोंत क्रॉफर्ड यांना दोन समांतर पुसट रेघा दिसल्या, एव्हन नदीकडे वळलेल्या. १९२३ च्या सप्टेंबरात तिथे खणले, तर रस्त्याच्या दोन्ही कडांचे खंदक सापडले. पुढच्या वर्षी मुरंबा करणाऱ्या घराण्यातील श्रीमंत हौशी संशोधक अलेक्झांडर केलर यांच्यासोबत त्यांनी विमानातून दक्षिण इंग्लंडची पाहणी केली. तिचे पुस्तक १९२८ मध्ये निघाले. त्याआधी १९२७ मध्ये त्यांनी 'अँटिक्विटी' हे त्रैमासिक काढले व अखेरपर्यंत तेच संपादक होते.

स्वभाव मात्र तिरसट. लग्न केले नाही; मांजरे पाळली. दुसरे महायुद्ध येणार हे ओळखून, साउदॅम्प्टनच्या कचेरीतील नकाशे व फोटो सुरक्षित जागी न्या, असा त्यांनी आग्रह धरला. कोणी ऐकले नाही. त्यांनी स्वतः थोडेफार आपल्या घरच्या गॅरेजमध्ये हलवले. १९४० च्या नोव्हेंबरात कचेरीवर बाँब पडले आणि वीस वर्षांच्या नोंदींपैकी बऱ्याचशा जळाल्या. आम्हाला या चरित्रातला सर्वांत चटका लावणारा प्रसंग हाच वाटतो.

नोव्हेंबर १९५७ मध्ये ते वारले. त्यांना एक अडचण कधीच सोडवता आली नव्हती: झाडीखालची जमीन. कॅमेऱ्याला वरून फक्त पाने दिसत. आता विमानातून लेसरचे झोत सोडतात. त्यातले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत येतात. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते, आणि संगणक झाडे वजा करून नुसत्या जमिनीचे चित्र काढतो. त्या चित्रावर हव्या त्या दिशेने कलता सूर्यही पाडता येतो. २०१२ मध्ये कंबोडियाच्या जंगलाखालची जुन्या नगराची रस्त्यांची आखणी अशीच उघड झाली. आणि स्टोनहेंजच्या परिसराची लेसर पाहणी २००५ मध्ये छापून आली, ती 'अँटिक्विटी'तच.