जुनी जीप दिसली की लोक विलीज म्हणतात, पण तिच्या बोनेटमध्ये कांदिवलीच्या के. सी. महिंद्रांची गोष्ट दडलीय

इन्स्टाग्रामवर अधूनमधून एक रील फिरत असते. हिरवा रंग मारलेली उघडी जीप, बोनेटवर पांढरा तारा, मागे बंदुकीचा स्टँड आणि खाली लिहिलेलं असतं, 1944 ची ओरिजिनल अमेरिकन विलीज, दुसऱ्या महायुद्धातली, किंमत इनबॉक्समध्ये. कमेंटमध्ये बदाम आणि आगीचे इमोजी. कुणीतरी टोकनसुद्धा देऊन टाकतं.

अशा गाड्यांमधली बरीचशी गाडी युद्धातली नसते, अमेरिकेतलीही नसते. ती निघालेली असते आपल्या मुंबईतून. मेट्रो सातच्या अकुर्ली स्टेशनवर उतरून कांदिवली पूर्वेला अकुर्ली रोडने चाललात की महिंद्राचा कारखाना लागतो. त्या कारखान्याची पाळंमुळं ज्या जीपमध्ये आहेत, ती ही जीप.

आणि गंमत म्हणजे या जीपला एक जपानी भाऊही आहे. मित्सुबिशीचा. नुसता फोटो दाखवला तर भलेभले गाडीवाले अमेरिकन, जपानी आणि भारतीय जीप ओळखताना गडबडतात. त्या ओळखायच्या कशा हे समजून घ्यायचं तर आधी एका माणसाची गोष्ट ऐकावी लागते. त्यांचं नाव कैलाशचंद्र महिंद्रा, म्हणजेच के. सी. महिंद्रा.

मूळचे हे पंजाबातल्या लुधियान्याचे. के. सी. यांचा जन्म 1894 चा. थोरले भाऊ जगदीशचंद्र, म्हणजे जे. सी., दोन वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले आणि भावंडांची जबाबदारी जे. सीं.वर आली. हे जे. सी. शिकले आपल्या व्हीजेटीआयमध्ये. मुंबईशी या घराचं नातं जुळलं ते असं, गाड्यांच्या कितीतरी आधी. के. सी. मात्र लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून थेट केंब्रिजला गेले.

पुढे जे. सी. टाटा स्टीलमध्ये विक्रीचं काम बघायला लागले, तर के. सी. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत रुजू झाले. दोघंही पोलाद, कोळसा, रेल्वे अशा जड धंद्यांत मुरलेले. मोटारी हा त्यांचा विषयच नव्हता.

मग दुसरं महायुद्ध आलं. जे. सी. सरकारचे स्टील कंट्रोलर झाले. के. सीं.ना 1942 मध्ये अमेरिकेत इंडिया सप्लाय मिशनचं प्रमुख म्हणून पाठवलं गेलं. काम काय, तर भारताला लागणारा माल अमेरिकेकडून मिळवायचा. युद्धाच्या धामधुमीत हे काम म्हणजे रोज वेगळ्या खात्याचं दार ठोठावणं.

याच काळात त्यांची ओळख बार्नी रूस यांच्याशी झाली. रूस हे विलीज ओव्हरलँड कंपनीचे मुख्य इंजिनियर. बऱ्याच ठिकाणी त्यांना जीपचा जनक म्हणतात. खरं तर जीपचा पहिला आराखडा बँटम नावाच्या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी काढला होता. रूस यांचं मोठं काम म्हणजे तिच्यातलं दणकट गो डेव्हिल इंजिन. पण के. सीं.ना भेटला तो माणूस रूस, आणि त्या भेटीतून डोक्यात बसली ती जीप. चिखल, दगड, नदी काहीही आलं तरी न अडणारी गाडी. रस्तेच नसलेल्या देशाला याहून सोयीचं काय असणार?

2 ऑक्टोबर 1945 ला मुंबईत कंपनी सुरू झाली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद, धंदा पोलादाचा. यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 मध्ये गव्हर्नर जनरलसुद्धा. इकडे 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. सांगितलं असं जातं की एम अँड एम छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून हे नाव सोयीचं पडलं.

या सगळ्या उलथापालथीत विलीजशी करार झाला आणि 1949 मध्ये माझगावात पहिल्या जीप जोडल्या गेल्या. पहिली खेप 75 गाड्यांची. जीप सुट्या भागांत, खोक्यांमध्ये भरून बोटीने यायची आणि इथे बोल्ट आवळून उभी केली जायची.

दोन वर्षांत, 1951 साली, जे. सी. गेले. यानंतर बारा वर्षं कंपनीचा भार के. सीं.च्या खांद्यावर होता. आणि खरी परीक्षा लगेच आली.

त्या काळात मुंबईत परदेशी गाड्या जोडणाऱ्या कंपन्या कमी नव्हत्या. शिवडीला जनरल मोटर्स होती, फोर्ड होती. बाहेरून खोकी आणा, जोडा, विका. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने सरकारला शिफारस केली की जे नुसती जुळणी करतात आणि गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे नाही, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी हिशेब मांडला. भारतात गाड्या विकल्या जातात थोड्या, त्यासाठी साचे आणि यंत्रं कोण बसवणार? त्यांनी दुकान बंद केलं.

के. सीं.समोरही हाच हिशेब होता. बाजार तेवढाच, गाडी परक्याची, पैसा कमी. पोलादाचा व्यापार चांगला चालू होता, त्यामुळे जीप सोडून दिली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी उलट केलं. 1954 मध्ये विलीजशी सहकार्य करून टप्प्याटप्प्याने जीप इथेच बनवायला घेतली. 1962 पर्यंत तिचे साधारण 70 टक्के भाग देशी झाले होते.

हा निर्णय झाला नेमका कोणत्या वर्षी हे लक्षात ठेवा. जीप ओळखण्याची किल्ली तिथेच आहे.

1953 च्या सुरुवातीला विलीजने सीजे थ्री बी नावाचं मॉडेल काढलं होतं. जुन्या गो डेव्हिल इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असायचे. नव्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर गेला. ताकद 60 हॉर्सपॉवरवरून 70 च्या पुढे गेली, पण इंजिन उंच झालं. जुन्या बोनेटखाली ते मावेना. विलीजने फार डोकं लावलं नाही, बोनेटच उचललं. त्यामुळे गाडीचं कपाळ एकदम मोठं दिसायला लागलं. आपल्याकडचे जीपवाले यालाच हाय बोनेट म्हणतात आणि आधीच्या गाड्यांना लो बोनेट.

महिंद्राने इथे बनवायला घेतली ती ही हाय बोनेट जीप. आणि त्याच 1953 मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीनेही विलीजकडून परवाना घेऊन जीप काढायला सुरुवात केली. आधी थोड्या जुन्या मॉडेलच्या, मग लगेच सीजे थ्री बी, तिकडचं नाव जे थ्री. आठ वर्षांपूर्वी ज्या गाडीत बसून अमेरिकन सैन्य जपानमध्ये उतरलं, तीच गाडी आता जपानी कामगार बनवत होते. आणखी एक योगायोग सांगतो. महिंद्रांचा मित्सुबिशीशी पहिला व्यवहार 1950 सालचा, पण तो गाड्यांचा नव्हताच. रेल्वे वाघिणींसाठी लागणाऱ्या पोलादी पत्र्यांचा होता.

तर एकाच नकाशावरून तीन देशांत तीन जीप निघाल्या. आता त्या वेगळ्या कशा काढायच्या?

पहिली गोष्ट, बोनेट बघा. हाय बोनेट असेल तर ती गाडी 1953 च्या आधीची असूच शकत नाही. विकणारा 1944 म्हणाला तर नमस्कार करून निघा. एवढ्या एका खुणेने निम्म्या रील्स निकालात निघतात.

लो बोनेट असेल तर थोडं थांबायचं. युद्धातल्या विलीजला पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी काढलेल्या जीपला सात, आणि तिचे दिवे मोठे. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नसतो, स्टेपनी मागच्या बाजूला लटकते आणि पेट्रोल भरायचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. नंतरच्या गाड्यांना फाळका आला, स्टेपनी बाजूला गेली आणि टाकीचं तोंड बाहेर आलं. शेतकऱ्याला पोती चढवायची होती, सैनिकाला नाही. बदलाचं कारण एवढं साधं. पुढची काचही बघून घ्या. दोन तुकड्यांची असेल तर गाडी जुन्या वळणाची, अखंड असेल तर त्यानंतरची.

मग स्टेअरिंग. हे जरा मजेशीर आहे. युद्धातल्या जीप डाव्या स्टेअरिंगच्या. महिंद्राने इथल्या रस्त्यांप्रमाणे स्टेअरिंग उजवीकडे ठेवलं. जपानमध्येही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे मित्सुबिशीची जीप उजव्या स्टेअरिंगची असणार असं आपण धरून चालतो. पण सुरुवातीची काही वर्षं मित्सुबिशी डाव्या स्टेअरिंगच्याच जीप काढत होती. अमेरिकन नकाशा जसाच्या तसा उचलला होता ना. म्हणजे डावं स्टेअरिंग दिसलं की अमेरिकन, हा नियम जपानी जीपसमोर फसतो. शिवाय आपल्याकडे गॅरेजवाले स्टेअरिंग हलवूनही देतात.

तिसरं इंजिन. जपान्यांनी पन्नाशीच्या दशकातच तिच्यात स्वतःचं डिझेल इंजिन बसवलं. आपल्याकडे पुढे इगतपुरीला प्युजो कंपनीच्या तंत्राचं डिझेल इंजिन बनायला लागलं आणि महिंद्राच्या गाड्यांत ते सर्रास आलं. पण इंजिनावरून जीप ओळखायला जाऊ नका असं माझं मत आहे. गेल्या सत्तर वर्षांत या गाड्यांत कुणी काय काय बसवलं असेल याला गणतीच नाही. बोनेटवरच्या आणि फाळक्यावरच्या नावाचंही तेच. उठावाची अक्षरं असलेला पत्रा वेगळा मिळतो आणि वेल्डिंगवाला तासाभरात तो चिकटवून देतो. हरियाणातलं मंडी डबवाली तर जीपला हवा तो चेहरा देण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

शेवटी भरवसा कागदावर. आरसी बुकात बनवणारी कंपनी आणि उत्पादनाचं वर्ष काय आहे ते वाचा आणि चॅसीवर ठोकलेला नंबर स्वतः वाकून, पुसून, त्याच्याशी ताडून बघा. फोटोवर जाऊ नका.

यात एक चूक मात्र उलट्या दिशेनेही होते. आरसीवर महिंद्राचं नाव दिसलं की काही हौशी लोक नाक मुरडतात, म्हणजे ही नकलीच की. नकली कशी? ती चोरून बनवलेली नाही. मूळ कंपनीच्या परवान्यावर, तिच्या सहकार्याने बनलेली आहे. ती युद्धातली म्हणून विकणं ही फसवणूक, पण महिंद्रा म्हणून ती शंभर टक्के अस्सल आहे.

अमेरिकेने 1968 मध्ये ही हाय बोनेट जीप बंद केली. तोवर तिकडे दीड लाखाहून थोड्या जास्त बनल्या होत्या. त्यांच्याकडे गोल मडगार्डची नवी मॉडेलं आली होती. सपाट मडगार्ड आणि उंच कपाळ राहिलं ते आशियात. मित्सुबिशीने जीप थेट 1998 पर्यंत चालवली. आपल्याकडे तिच्यातून लांब चॅसीच्या गाड्या निघाल्या, 1985 च्या सुमारास एमएम 540 आली आणि पुढे 2010 ला थार. नवे साचे महाग, आयातीवर बंधनं आणि गावातल्या मिस्त्रीला जुनी जीप डोळे मिटून उघडता येत होती, म्हणून ती टिकली. प्रेमाचा भाग नंतरचा.

के. सीं.नी यातलं बरंचसं पाहिलं नाही. जीप हे त्यांच्या अनेक कामांपैकी एक काम होतं. 1946 च्या कोळसा क्षेत्र समितीचे ते अध्यक्ष होते, रिझर्व्ह बँक आणि एअर इंडियाच्या संचालक मंडळांवर होते. 1953 मध्ये, म्हणजे जीप ठेवायची की सोडायची हा प्रश्न उभा होता त्याच वर्षी, त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना तो अजून मदत करतो. 1963 मध्ये ते गेले. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी स्थापन झाली, आणि कांदिवलीचं नाव पुढे जीपपेक्षा ट्रॅक्टरशी जास्त जोडलं गेलं. कंपनीची सूत्रं मुलगा केशुब यांच्याकडे आली.

2018 मध्ये महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली. रस्त्यावर नाही, शेतात आणि रानात चालवायची. तिचे सुटे भाग भारतातून खोक्यांत भरून जायचे आणि डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला जोडले जायचे, माझगावात 1949 ला जोडायचे तसे. जीप ब्रँड तोवर फियाट क्रायस्लरकडे गेला होता. त्यांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की ही गाडी आमच्या जीपसारखी दिसते. सपाट बाजू, बोनेटचा आकार, मडगार्ड, एकेका वळणावर वकिलांनी वाद घातला. 2020 मध्ये आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरला मनाई केली. महिंद्राने पुढचा चेहरा बदलला आणि डिसेंबर 2020 मध्ये बदललेल्या गाडीला परवानगी मिळाली.