गार्सिया द ओर्ता : बाग, पुस्तक आणि राख

पणजीत चर्चच्या पायऱ्यांजवळ जी म्युनिसिपल गार्डन आहे, तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. आपण तिथं बसतो, बसची वाट बघतो, आइस्क्रीम खातो. पण हा माणूस कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मलाही परवापरवापर्यंत नव्हतं. म्हणून हा लेख.

ओर्ताचा जन्म १५००च्या सुमारास पोर्तुगालमध्ये, स्पेनच्या सरहद्दीजवळच्या काश्तेलो द विद या गावी झाला. आईवडील मूळचे स्पेनमधले यहुदी. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सगळ्या यहुद्यांना देशाबाहेर काढलं, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालमध्ये आलं. तिथंही पाच वर्षांनी सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव बदललं, प्रार्थना बदलली, पण शेजाऱ्यांची नजर काही बदलली नाही. या नजरेखालीच ओर्ता वाढला. सालामांका आणि अल्काला इथं वैद्यकी शिकला, गावी परतून रोगी तपासू लागला आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला.

अशी चांगली बसलेली घडी मोडून १५३४च्या मार्चमध्ये तो जहाजावर चढला. मार्टिम अफोन्सो द सौझा हा सेनानी हिंदी समुद्राचा कप्तान होऊन निघाला होता, त्याचा वैद्य म्हणून. आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला पोहोचायला त्या काळी सहा महिने लागत. वाऱ्याचं गणित चुकलं तर त्याहून जास्त. शिळं पाणी, कीड लागलेली बिस्किटं आणि हिरड्या सडवणारा स्कर्व्ही यांनी कित्येक खलाशी वाटेतच जात. एवढा धोका कशासाठी पत्करायचा? नव्या देशाची ओढ असेलच. पण लिस्बनमध्ये तेव्हा इन्क्विझिशन आणण्याच्या हालचाली चालू होत्या आणि दोनच वर्षांनी ते आलंही. नव्या ख्रिस्ती माणसाला गोवा तेव्हा त्यापासून लांब वाटला असणार.

सप्टेंबरमध्ये तो गोव्याला उतरला आणि पुन्हा कधीच परत गेला नाही. सुरुवातीला सौझाबरोबर दीव-काठेवाडच्या मोहिमांत फिरला. नंतर गोव्यात स्थिरावला. व्हाइसरॉयपासून साध्या माणसापर्यंत सगळ्यांना औषध द्यायचा आणि जवाहीर-मसाल्यांचा व्यापारही करायचा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाकडेही त्याचं वैद्य म्हणून जाणं-येणं होतं. तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा चालत. पुढे मुंबई बेटाचा भाडेपट्टा त्याला मिळाला. वर्षातून दोनदा फळणारा एक आंबा आपल्या त्या बेटावर आहे, हे त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलंय.

१५६३ साली त्याचं पुस्तक गोव्यात छापून निघालं. भारतातल्या वनस्पती आणि औषधांवरचे हे संवाद. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाईच्या चुका इतक्या, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. पुस्तकात स्पेनहून आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. लवंग, जायफळ, हिंग, भांग, धोतरा, फणस, नारळ असं सगळं त्यात येतं. रुआनो सतत जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता मात्र स्वतः पाहिलेलं सांगतो. युरोपात असतो तर गॅलनसारख्या थोरांविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती, असंही तो कबूल करतो. याच पुस्तकात लुईश द कामोइंश या महाकवीची एक कविता पहिल्यांदा छापली गेली.

मराठी-कोंकणी वाचकाला थबकवणारी एक जागा आहे. पटकीच्या रोगाचं वर्णन करताना ओर्ता तिचं इथलं नावही नोंदवतो. ते आपल्याच मोडशीचं रूप. हाच शब्द पुढे पोर्तुगीज-फ्रेंच तोंडांतून वेडावाकडा होत युरोपभर फिरला. आणखी एक व्यक्ती लक्षात राहते : अँटोनिया. ओर्ताची ही गुलाम मुलगी हाक मारली की फळं, फांद्या आणून दाखवते. विद्वानांच्या गप्पा तिच्या आणण्या-नेण्यावर चालतात, पण पुस्तक तिच्याबद्दल फारसं काही सांगत नाही. लांबून पळत आलेल्या माणसाच्या घरातही कुणीतरी बांधलेलं होतंच, हे विसरून चालणार नाही.

पुस्तक युरोपात गाजलं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पहून काढला. पण ज्यापासून ओर्ता लांब आला होता, ते इन्क्विझिशन १५६० सालीच गोव्यात येऊन पोहोचलं होतं. ओर्ताला मोठ्यांचा आधार होता, आणि १५६८ साली त्याला बिछान्यावर शांत मरण आलं. त्याच्या बहिणीला, कातारीनाला, ते भाग्य नव्हतं. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली गोव्यात तिला जिवंत जाळण्यात आलं. नातलगांच्या जबान्यांत ओर्ताचंही नाव आलं. कोठडीत, भीतीच्या छायेत दिलेल्या त्या जबान्या. १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

मी कॅथलिक घरात वाढलोय. शाळेत समुद्रप्रवासांच्या गोष्टी वाचल्या त्या वारा, शिडं, मसाले, नकाशे यांच्याच. हाडं जाळणारे हात आपल्याच क्रुसापुढे जोडले जात होते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. वाचल्यावर दोन दिवस अस्वस्थ होतो. मग वाटलं, हे लपवण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. श्रद्धा एवढ्याने हलत नाही. हललीच, तर तिला आधी नीट तपासायला हवं, जसं ओर्ता जुनी पुस्तकं तपासायचा.

मेलेल्या माणसाला ज्या शहराच्या सत्तेने शिक्षा दिली, त्याच गोव्याच्या राजधानीत आज त्याच्या नावाची बाग आहे. पुढच्या वेळी तिथं बसाल तेव्हा ओर्ताची आठवण काढा. आणि कातारीनाची, अँटोनियाचीही. त्या दोघींच्या नावाची बाग कुठं असल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.