रघुनाथरावांची कचेरी

शेरवली हे खेड तालुक्यातले गाव महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे जन्मस्थान. त्यांचे खरे गाव दापोलीचे मुरुड. आमच्या भागातल्या मुलांनी महर्षींची तसबीर शाळेच्या भिंतीवर पाहिलेली असते आणि परीक्षेसाठी ते मुरुडहून कुंभार्ली घाट ओलांडून साताऱ्याला चालत गेले, ही गोष्ट कधी ना कधी ऐकलेली असते. त्यांच्या थोरल्या मुलाची तसबीर मात्र मी कुठल्याही शाळेत पाहिलेली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव काढले की जुन्या पिढीतली माणसे आजही आवाज जरा खाली आणतात.

मी लोट्याला राहते. मुंबई-गोवा महामार्गालगत, परशुराम घाटाच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका दुकानाच्या माडीवर आमची दोन खोल्यांची कचेरी आहे. मूल हवे की नको, केव्हा हवे, याचा निर्णय करताना बायकांना कायद्याची जी अडचण येते तीत मदत करणे हे आमचे काम. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, गुहागर असे पाच तालुके माझ्याकडे आहेत. कचेरी चालवणे म्हणजे काय, तर पत्रे, फायली, वकिलांच्या तारखा, वीजबिल, आणि दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या बाईला आत बोलावणे. हे करता करता रघुनाथरावांचे चरित्र मला निराळेच दिसू लागले. सुधारक, विचारवंत वगैरे ते होतेच. मला दिसले ते एक एकटे कचेरी चालवणारे गृहस्थ.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. आदल्याच वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीविषयी जे काही छापून आले, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ सालीच 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. ज्या प्रश्नाला रघुनाथराव पुढे जन्मभर भिडले तो त्यांच्या पाळण्यापाशीच उभा होता म्हणायचा.

आई राधाबाई १८९१ साली गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या मुलाने हे पाहिले. समाजाच्या रागाला भिऊन चालत नाही हे तो घरातच शिकला असणार. मुलगा विलक्षण हुशार. १८९९ च्या मॅट्रिकला तो पहिला आला, पुढे फर्ग्युसनमधून पदवी घेतली आणि गणिताचा प्राध्यापक झाला. गंगूबाई गोडे यांच्याशी लग्न झाले, त्या मालतीबाई कर्वे झाल्या. सरकारी नोकरी, ठिकठिकाणच्या बदल्या, मग १९१९ मध्ये गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिस. तिथून ते १९२१ मध्ये परतले आणि त्याच वर्षी मुंबईत राहत्या घरी त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. हिंदुस्थानातले हे पहिले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र निघाले तेही १९२१ सालीच. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असे केंद्र काढले ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद पाडले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. ब्रुकलिन, लंडन आणि मुंबई यांच्यात अंतर पडले ते अवघे पाच वर्षांचे.

साधने तरी काय होती त्या काळी? रबरी टोप्या, स्पंज, औषधी गोळ्या, पुरुषांसाठी निरोध. पोटात घ्यायची गोळी यायला १९६० साल उजाडायचे होते. ती साधने विकण्यासाठी 'राइट एजन्सी' निघाली. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक आले आणि त्याच सुमारास गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरचेही. हे दुसरे पुस्तक आम्हा कोकणवाल्यांनी विसरू नये असे मला वाटते. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, बायको गावी, भेट शिमग्याला नाहीतर गणपतीला. मनिऑर्डरीबरोबर मुंबईहून काय काय येत असे, याविषयी आमच्याकडे कोणी बोलत नसे. रघुनाथराव बोलले, आणि नुसते बोलले नाहीत, काय करावे तेही सांगितले.

विल्सन महाविद्यालयात ते तेव्हा शिकवीत होते. मिशनऱ्यांचे महाविद्यालय ते. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच १९२५ मध्ये पडला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर नियमित पगार असा राहिलाच नाही. मूल होऊ द्यायचे नाही असे नवराबायकोने ठरवले होते आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रियाही करून घेतली. चरित्र वाचताना मी इथे नेहमी थांबते. पुरुषाची शस्त्रक्रिया फार सोपी असते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती करून घ्यायला अजूनही बाईलाच पाठवतात. आणि मालतीबाईंना काय वाटले असेल? संसाराची ओढाताण, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे आणि मूलही नाही. त्या शेवटपर्यंत नवऱ्याच्या कामात राहिल्या आणि त्याच्या आधी गेल्या. त्यांच्यावर स्वतंत्र असे फारसे लिहिले गेले नाही, ही उणीव मला बोचते.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू झाले. ते लिहायचे, तपासायचे, छापून घ्यायचे आणि टपालात टाकायचे, हा सगळा व्याप मुख्यतः रघुनाथरावांचाच. 'शारदेची पत्रे' या सदरात ते बाईच्या नावाने तिरकस लिहीत. खरा प्राण होता तो वाचकांच्या प्रश्नोत्तरांत. जे आईला, नवऱ्याला, डॉक्टरला विचारता येत नाही ते लोक या गृहस्थाला पत्राने विचारत आणि हे गणिती माणसाच्या कोरड्या सुरात उत्तर देत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. हा त्यांचा हट्ट. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे सिद्ध करायचे होते. माझे मत विचाराल तर त्या चित्रापायी कितीतरी घरांची दारे मासिकाला बंद झाली असतील. ज्या बाईला ते वाचायची सर्वांत जास्त गरज होती तिला ते उशीखाली लपवावे लागले असणार. पण हट्ट नसता तर मासिकच निघाले नसते, हेही खरे.

खटले व्हायचेच होते. दंडसंहितेचे २९२ कलम अश्लील मजकुराचे. 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून १९३१ मध्ये पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा, तो प्रश्नोत्तरांवरून. या वेळी रघुनाथरावांच्या बाजूने वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळे मागे टाकून आलेला माणूस एका तोट्यातल्या मासिकासाठी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात उभा राहिला. आमच्या भागाच्या दृष्टीने पाहा : आरोपी दापोली तालुक्यातल्या मुरुडचा, वकिलाचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. लगतच्या दोन तालुक्यांतली, जातीच्या उतरंडीच्या दोन टोकांवरची ही दोन घराणी मुंबईच्या कोर्टात एका बाजूला उभी राहिली. याचा अभिमान आम्हाला वाटायला हवा तेवढा वाटत नाही.

आंबेडकरांचा मुद्दा साधा होता. लैंगिक विषयावरचे लिखाण आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही. न्यायाधीशांचा आक्षेप असा की विकृत प्रश्न छापायचेच कशाला. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे की विकृती असलीच तर ती ज्ञानानेच जाईल, आणि कर्व्यांनी उत्तर दिले नाही तर दुसरे कोण देणार. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. आम्ही कोर्टाची पायरी चढणारी माणसे हरलेल्या खटल्यांना कमी लेखत नाही. तो युक्तिवाद नोंदला जातो आणि पुढच्या कोणाच्या तरी कामी येतो. बाबासाहेबांनी तो विषय सोडलाही नाही. त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला तो त्यांच्याच वतीने. बाजूने अकरा मते पडली, विरोधात बावन्न.

विरोधकांत सनातनी होते तसे गांधीजीही होते. कृत्रिम साधने त्यांना मान्य नव्हती, संयम हाच उपाय. १९३५ च्या डिसेंबरात सँगरबाई वर्ध्याला जाऊन त्यांच्याशी बोलल्या, पण दोघे आपापल्या जागी राहिले. रघुनाथरावांनी गांधीजींवर सडकून टीका केली. संयम कोणाचा आणि पोट कोणाचे, हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि नुसता उपदेश करणाऱ्यांकडे त्याचे उत्तर नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला तो शेवटचा. पहिल्या पंचवार्षिक योजनेत सरकारने कुटुंबनियोजन स्वीकारले ते त्यांच्या डोळ्यांदेखत, पण कोणी त्यांना बोलावले नाही. त्यांच्या वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. महर्षी १०४ वर्षे जगले, मुलाच्या मागे नऊ वर्षे. रघुनाथरावांच्या नात्यातल्या शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात हे काम पुढे नेले, त्या राज्यसभेतही गेल्या. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी 'ध्यासपर्व' चित्रपट काढला तेव्हा पुष्कळांना रघुनाथराव पहिल्यांदा भेटले.

सरकारी कुटुंबनियोजनाशी मात्र त्यांचे नाते लावताना जपून लावावे. सरकारला लोकसंख्येचे आकडे हवे होते. रघुनाथरावांना बाईचे सुख आणि तिचा निर्णय हवा होता. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. स्वतःच्या इच्छेने शस्त्रक्रिया करून घेणारा हा माणूस त्या सक्तीविरुद्धही अंक काढून दंड भरायला तयार झाला असता, असे मला वाटते.

१९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. त्याआधी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने त्याची शिफारस केली होती. साधन वापरूनही दिवस गेले तर तेही कारण म्हणून कायद्याने मानले, पण विवाहितेपुरते. २०२१ च्या दुरुस्तीने ती अट गेली. नवऱ्याच्या जागी जोडीदार हा शब्द आला. सज्ञान बाईची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची सही कायद्यात पहिल्या दिवसापासून कुठेही नाही.

तरी ती मागितली जाते. गेल्या पावसाळ्यात वसाहतीतल्या एका कामगाराची बायको माझ्याकडे आली, दोन लेकरे, तिसऱ्याची चाहूल. नवरा महिनाभरासाठी त्याच्या मुलखात गेलेला. एका दवाखान्यात तिला सांगितले, त्याला घेऊन ये, सही लागेल. तोपर्यंत आठवडे मोजत बसायचे. मी कायद्याच्या त्या कलमाची मराठी प्रत तिच्या हातात दिली, सोबत आमच्या वकीलबाईंचे पत्र दिले आणि एक कार्यकर्ती पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचे काम झाले. जाताना तिने ती प्रत घडी करून पिशवीत ठेवली. वस्तीतल्या आणखी दोघींना दाखवायची आहे म्हणाली, म्हणून मी आणखी चार प्रती काढून दिल्या.