लोकांचे वकीलपत्र घेणारे सार्वजनिक काका

देवस्थान गावाचे असते. त्याची जमीन, दानपेटी, नैवेद्य आणि दिवाबत्ती यांचा कारभार पंच पाहतात. परंतु त्या कारभाराचा जाब विचारण्याचा अधिकार साध्या भक्ताला आहे किंवा नाही, हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात उभा राहिला. त्या प्रश्नातून एक मोठी लोकसंस्था जन्मास आली आणि एका वकिलाचे सारे आयुष्य त्या कार्यास लागले. ते वकील म्हणजे गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावानेच ओळखतो.

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी सातारा येथे झाला. १८४८ च्या सुमारास ते पुण्यास आले. प्रारंभी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे वकिलीची परीक्षा देऊन सनद मिळविली आणि पुण्याच्या कोर्टात ते वकिली करू लागले. वकिलीवर संसार सुखाने चालला असता. पण पक्षकाराच्या कामाबरोबर गावाचेही काम अंगावर घ्यावे, असा त्यांचा पिंड होता.

पुण्याच्या पर्वती टेकडीवरील श्रीदेवदेवेश्वराचे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधविले. पेशवाई गेल्यानंतर पुढे या संस्थानची व्यवस्था पंचांकडे आली. ही व्यवस्था नीट होत नाही, अशी तक्रार लोकांत वाढू लागली. तक्रार करणारे पुष्कळ होते. परंतु सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले नव्हते. काकांनी येथे वकिलाचा विचार लढविला. वकीलपत्र दाखल केल्याशिवाय वकिलाला कोर्टात उभे राहता येत नाही. मग लोकांच्या वतीने सरकारपुढे उभे राहणाऱ्यानेही लोकांची सही का आणू नये?

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली ती याच तत्त्वावर. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा नियम झाला. पहिल्या ९५ प्रतिनिधींमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. कामाचा भार मात्र काकांनी उचलला. १८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आले. रानड्यांची बुद्धी आणि काकांचे कष्ट यांची जोडी जमली. देवस्थानच्या तक्रारीतून निघालेली सभा रयतेच्या साराबद्दल, दुष्काळाबद्दल आणि राज्यकारभारातील हक्कांबद्दल बोलू लागली.

काकांनी बोलण्याआधी करून दाखविले. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली, स्वतः सूत कातले आणि त्याच सुताचे कपडे अंगावर घातले. देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून ते झटले. १८७७ च्या १ जानेवारीस दिल्लीला दरबार भरला. राजेरजवाडे भरजरी पोशाखात आले असता, सभेचे प्रतिनिधी म्हणून काका हातच्या सुताचे पांढरे कपडे घालून तेथे गेले. सभेने बादशाहीकडे प्रजेचे हक्क मागितले होते. ती मागणी घेऊन जाणाऱ्याचा वेष त्या प्रजेचाच होता.

वकील असूनही तंटे कोर्टात जाऊ नयेत असे त्यांना वाटे. एका बांधाच्या भांडणात स्टँप, फी आणि हेलपाटे यांपायी घर धुऊन निघते, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणून १८७६ साली पुण्यात लवाद कोर्ट निघाले, त्यात रानड्यांबरोबर काकांचा पुढाकार होता. दोन्ही पक्षांच्या संमतीने तेथे लवाद निवाडा करीत. स्वतःच्या धंद्यास झळ लागेल असे काम वकिलानेच उभे करावे, यात काकांचा निःस्पृहपणा दिसतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही १८७१ साली स्त्रीविचारवती सभा स्थापून स्त्रियांना एकत्र आणले.

त्यांच्या धैर्याची खरी कसोटी १८७९ साली लागली. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारची वक्रदृष्टी तेव्हा पुण्यावर होती. रानड्यांचीही बदली झाली होती. अशा वेळी फडक्यांची बाजू घेणे म्हणजे संशय ओढवून घेणे होते. काकांनी वकीलपत्र घेतले आणि ते कोर्टात उभे राहिले. फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली व १८८३ साली एडन येथे त्यांचा अंत झाला. खटला हरला, पण आरोपी एकटा पडला नाही.

पुढच्याच वर्षी, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी काकांचे निधन झाले. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ साली पुण्यास भरावयाचे होते व त्याची तयारी सार्वजनिक सभेने चालविली होती. पुण्यात पटकीची साथ आल्याने ते मुंबईस भरले. तो दिवस पाहण्यास काका राहिले नव्हते.

देवळाचा कळस वर्गणीतून चढतो आणि ती वर्गणी विश्वासावर जमते. ज्या सभामंडपात पै-पैचा जमाखर्च गावापुढे वाचला जातो आणि लहानातल्या लहान वर्गणीदारालाही उठून विचारण्याची मुभा असते, तेथे सार्वजनिक काकांचे स्मरण आपोआप घडते.